पोटभर न जेवण्याची विद्या

भुकेल्या माणसापुढे अन्न वाढायचं आणि तरीही त्याला ते सुखासुखी खाऊ द्यायचं नाही, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. ही विद्या जगात पुष्कळांनी हाताळली. पानाच्या डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, उजवीकडे भाज्या, आणि श्लोक संपेपर्यंत वरणभात निवू द्यायचा, इथवर आपणही मजल मारली होती. पण तिला शास्त्राचा दर्जा दिला तो युरोपने आणि चीनने. युरोपने माणूस आणि अन्न यांच्यामध्ये हत्यारं ठेवली. चीनने माणसं ठेवली.

आधी युरोप. 11व्या शतकात बायझंटाइन राजघराण्यातली एक मुलगी लग्न होऊन व्हेनिसला आली आणि सोन्याच्या दोन दातांच्या काट्याने घास तोंडात घालू लागली. देवाने बोटं दिलेली असताना हा धातू कशाला, म्हणून पीटर डेमियन या धर्मगुरूचा तिळपापड झाला. पुढे ती दुखण्याने वारली, तेव्हा हे त्याच चोचल्यांचं फळ, असं त्याने लिहून ठेवलं. इतक्या कडक विरोधातून जे टिकतं, तेच पुढे शिष्टाचार म्हणून मिरवतं. टॉमस कोरियट हा इंग्रज प्रवासी 1608 साली इटलीत काटा पाहून आला, 1611च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने त्याचं कौतुक केलं, आणि घरी परतल्यावर मित्रांनी त्याचीच टर उडवली. फ्रान्सचा चौदावा लुई तर बोटांनीच जेवायचा. ज्याच्या व्हर्सायवरून साऱ्या युरोपने दरबारी थाट उचलला, तो राजा हाताने जेवत होता, ही माहिती मुलांना काटा धरायला शिकवताना सांगत नाहीत. योग्यच आहे.

इरॅस्मससारख्या विद्वानाने 1530 साली मुलांसाठी रीतभातीचं पुस्तक लिहिलं. तुपकट बोटं चाटू नका, अंगरख्याला पुसू नका, टेबलावरच्या कापडाला किंवा रुमालाला पुसा, असा त्यात उपदेश आहे. आज कुणी मेजवानीत हा उपदेश पाळून टेबलक्लॉथला हात पुसले, तर त्याला पुन्हा बोलावणार नाहीत. नियमाचं मोठेपण यातच आहे. तो पाळणाऱ्याला सभ्य ठरवतो, आणि त्याच्या नातवाला तोच नियम पाळल्याबद्दल रानटी ठरवतो.

एकदा काटा रुजल्यावर मात्र त्याने मागे वळून पाहिलं नाही. व्हिक्टोरियन काळात माशाला वेगळी सुरी आली, फळाला वेगळी, आणि थाळीच्या दोन्ही अंगांना शस्त्रागार उभं राहिलं. बाहेरून आत यायचं, हा त्यातला युद्धनियम. सूपचा चमचा आपल्यापासून दूर ढकलत भरायचा, म्हणजे भूक एका दिशेला आणि सूप दुसऱ्या. पण माझ्या मते या परंपरेचा कळस म्हणजे इंग्रजांचे मटार. काट्याला नैसर्गिक खोलगट बाजू आहे, तिच्यात मटार आपसूक बसतात. म्हणूनच ती वापरायची नाही. काटा पालथा धरायचा आणि त्याच्या फुगीर पाठीवर मटार सुरीने चेपून, तोल सांभाळत तोंडापर्यंत न्यायचे. वाटेत निम्मे पडतात. निम्मे खाल्ले गेले तरी तो पराभवच मानला पाहिजे. अमेरिकनांना एवढी साधना झेपली नाही. त्यांनी आधी कापायचं, सुरी ठेवायची, मग काटा डाव्या हातातून उजव्या हातात घ्यायचा, अशी निदान वेळ घालवणारी कवायत बसवली. आणि या साऱ्या तपश्चर्येनंतर अस्परॅगस वाढलं, की जुन्या वळणाचा खानदानी इंग्रज ते खुशाल बोटांनी उचलतो. का, ते विचारणं असभ्य.

आता चीन. वरवर पाहता तिथे जेवण सोपं व्हायला हवं होतं. कापाकापी स्वयंपाकघरातच उरकलेली, टेबलावर सुरी नाही, हाती दोन काड्या. पण या लोकांनी पाया फार पूर्वी घातला होता. ‘लीजी’ हा प्राचीन आचारग्रंथ सांगतो, की इतरांबरोबर जेवताना पोटभर जेवू नये. भाताचे गोळे वळू नयेत, हाडं कडाकडा फोडू नयेत, उचललेला मासा परत ठेवू नये, असंही त्यात आहे. म्हणजे तेव्हा भात हातानेच खात असावेत, हे ऐकून मराठी माणसाचा ऊर भरून येईल. पण पहिलं वाक्य विसरू नये. पोटभर जेवू नये. बाकीचा सगळा विस्तार आहे.

तो विस्तार कसा? दाराकडे तोंड असलेली जागा मुख्य पाहुण्याची. तो ती नाकारतो, यजमान त्याला ओढतो, तो दुसऱ्या वडीलधाऱ्याला पुढे करतो. माशाचं डोकं पाहुण्याकडे वळवून ठेवायचं आणि त्याने सुरुवात केल्याशिवाय इतरांनी हात लावायचा नाही. पाहुणा विनयशील असल्यामुळे तो सुरुवात करत नाही. मासा गार होतो. वरची बाजू संपल्यावर कोळी मुलखात मासा उलटत नाहीत, कारण मग कुणाची तरी होडी उलटेल. माशाच्या पाठीचा काटा उचलून खालचं मांस काढायचं. काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, कारण मृतांपुढे उदबत्त्या तशा लावतात. वाडग्यावर वाजवायच्या नाहीत, कारण भिकारी तसं करतात. पेला भिडवताना आपल्या पेल्याची कड समोरच्या मोठ्या माणसाच्या पेल्याखाली ठेवायची. दोघेही नम्र असले, तर पेले टेबलाच्या पातळीपर्यंत उतरतात, आणि आणखी खाली जाता येत नाही म्हणून नाइलाजाने पितात.

1972च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगला गेले, ते काड्यांचा सराव करूनच. मेजवानीत चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी स्वतःच्या काड्यांनी त्यांच्या बशीत पदार्थ वाढले. वीसेक वर्षं तोंड न पाहणारी दोन राष्ट्रं जवळ आली. कोण किती जेवलं, याची नोंद कुणी ठेवली नाही, आणि ठेवूही नये.

वाढण्याच्या या प्रेमावर एका डॉक्टरने मात्र घाव घातला. वू ल्येन-तेह हे पेनांगला जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले. 1910-11 साली मंचुरियात फुप्फुसाच्या प्लेगने सुमारे 60,000 माणसं गेली, ती साथ आटोक्यात आणण्यात त्यांचा मोठा वाटा. (मंचुरिया म्हटल्यावर आपल्याला कोबीचे गोळे आठवतात, हा आपला दोष नाही.) सगळ्यांच्या काड्या एकाच भांड्यात बुडतात, हे त्यांना खुपत होतं. 1915 साली त्यांनी सुचवलं, की मधोमध फिरतं तबक ठेवा आणि प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र चमचा द्या. आता हे सोयीचं होतं, म्हणजे धोक्याचं. पण समाज सावध होता. तबक यथावकाश आलं, आणि त्याच्याभोवती नवे नियमही: दुसरा वाढून घेत असताना फिरवू नये, झटक्यात फिरवू नये, आवडीचा पदार्थ आपल्यापुढे आणून थांबवू नये. त्यामुळे हवी ती डिश संथपणे समोरून निघून जाताना पाहण्याची सोय झाली.

जेवणानंतर बिलाची लढाई. युरोपात आपापला हिस्सा पैशापर्यंत मोजून देतात. त्यात कला नाही. चीनमध्ये दोन प्रतिष्ठित गृहस्थ कॅशियरसमोर एकमेकांचे हात धरून झटापट करतात. मुरलेला माणूस हात धुवायच्या निमित्ताने मधेच उठतो आणि गुपचूप पैसे भरून येतो. त्याच्या जेवणातली दहा मिनिटं त्यात गेलेली असतात. ती वाया गेली असं मी म्हणणार नाही.

सरकारला मात्र हे सारं पुरेसं वाटलं नाही. पानात काही उरलं नाही तर यजमानाने कमी वाढलं असा अर्थ होतो, म्हणून पाहुण्याने थोडं टाकावं, हा जुना रिवाज. 29 एप्रिल 2021ला चीनमध्ये अन्नाच्या नासाडीविरुद्धचा कायदा मंजूर झाला. गिऱ्हाइकाला गरजेपेक्षा जास्त मागवायला लावणाऱ्या हॉटेलाला 10,000 युआनपर्यंत दंड. म्हणजे आता रिवाजासाठी उरवायचं आणि कायद्यासाठी उरवायचं नाही. त्याच्या आदल्या वर्षी वुहानच्या हॉटेलवाल्यांच्या संघटनेने एक तोडगा काढला होता: जितकी माणसं, त्याहून एकाला कमी इतकं मागवा. दहा जण बसले, तर नऊ जणांपुरतं.

यातला उपाशी दहावा कोण, असा प्रश्न परक्यांना पडला. चिनी माणसाला पडायचं कारण नव्हतं. संध्याकाळभर इतरांच्या वाडग्यात वाढत बसलेला यजमान तसाही जेवलेला नसतो. बिलाची लढाई मात्र त्याला जिंकावीच लागते.