मौनी प्राऊल

प्रत्येक चमूत एक मौनी असतो. बाकीचे पत्ते कुटत असतात तेव्हा तो गच्चीवर पाठ ताठ करून बसतो, आणि तो तसा बसलाय हे खालच्यांना कळेल याचीही व्यवस्था ठेवतो. या जातीचा सर्वांत अस्सल नमुना मला भेटला तो एका कार्टून मालिकेत. नाव प्राऊल. मुक्काम भविष्यातलं डेट्रॉइट. अमेरिकेत डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रान्सफॉर्मर्स अ‍ॅनिमेटेड’मधला हा ऑटोबॉट, म्हणजे सज्जनांच्या बाजूचा यंत्रमानव. रूप बदललं की मोटारसायकल, एरवी निन्जा.

त्याची विद्या ‘सर्किट-सू’. गुरू योकेट्रॉन, आणि शिक्षण थेट सायबरट्रॉन ग्रहावरच्या डोजोत. या विद्येचं शिखर म्हणजे ‘प्रोसेसर ओव्हर मॅटर’: हात न लावता, नुसत्या एकाग्रतेनं वस्तू हवेत उचलायच्या. यंत्राला चित्त कुठलं, असं मात्र त्याला विचारू नये. तो उत्तर देत नाही, फक्त बघतो. त्यापेक्षा दोन शब्द सुनावलेले परवडले.

(ट्रान्सफॉर्मर्सच्या जगात असल्या युद्धकलांचं पीकच आहे. १९८९ साली खेळण्यांत आलेला ब्लजन नावाचा डिसेप्टिकॉन, म्हणजे ऑटोबॉटांच्या शत्रुपक्षातला, ‘मेटॅलिकॅटो’त पारंगत. बाहेरून सामुराईचा सांगाडा, आतून रणगाडा. पण तो उघडउघड दुष्ट असल्यामुळे त्याच्यासोबत राहणं सोपं गेलं असतं.)

प्राऊलची मंडळी एका ओसाड कारखान्यात राहतात. बम्बलबी व्हिडिओ गेमवर तुटून पडलेला, बल्कहेड जाईल तिथे काहीतरी मोडतोय, म्हातारा रॅचेट कुरकुरतोय, ऑप्टिमस सगळ्यांची समजूत काढतोय. प्राऊलच्या खोलीत मात्र एक अख्खं झाड छत फोडून वर गेलेलं. चाकांवर धावणाऱ्यानं झाडाखाली समाधी लावावी, यातला विनोद त्याला दिसत नाही. मौनी माणसाला इतरांचे सगळे विनोद थिल्लर वाटतात आणि स्वतःचा तर कधी दिसतच नाही.

बरं, हा काही जन्मजात विरक्त नव्हे. ऑटोबॉट-डिसेप्टिकॉन महायुद्धात लढायचं नाही म्हणून टाळाटाळ करत होता, तेव्हा धरून योकेट्रॉनच्या पदरात घातला. उनाड पोराला काकांच्या दुकानावर बसवतात, तसं. पुढे पोरगं दुकानाचं सर्वांत कडक मालक होतं, तेही तसंच.

आणि विरक्तीचं म्हणाल, तर लॉकडाऊन भेटेपर्यंत. हा लॉकडाऊन सुपारी घेऊन सावज धरून देणारा. हरलेल्यांचे अवयव काढून स्वतःला बसवणारा. त्याच्याकडच्या ‘अपग्रेड’ पाहून आमच्या योग्याची समाधी उतरली. स्टारस्क्रीम या डिसेप्टिकॉनला पकडायचं निमित्त झालं, आणि स्वारी चमूला सोडून लॉकडाऊनच्या जोडीला गेली, अंगावर नवी आयुधं चढवून. शेवटी उपरती झाली, साहित्य उतरलं. ‘मला काही लागत नाही’ म्हणणाऱ्याला नेमकं काय लागतं, ते दुकानात नेल्याशिवाय कळत नाही. योकेट्रॉनचा जीव घेणारा हाच लॉकडाऊन, हे पुढे उघड होतं. तेव्हा मात्र प्राऊलच्या तुटकपणाखाली गुरूवर घाला पडला तेव्हा आपण तिथे नव्हतो हे शल्य होतं, हे कळतं आणि हसू जरा आवरतं.

जरासंच. कारण गुरूच्या जाण्यानं अडकलेली त्याची साधना मार्गी लावायला येतो तो जॅझ. दिलखुलास, गप्पिष्ट, ननचाकू फिरवत चारचौघांत रमणारा. हाही सायबर निन्जाच, आणि झाडबीड काही न बाळगता प्राऊलच्या पुढे गेलेला! मौनी माणसाच्या पत्रिकेत असा एक जॅझ लिहिलेलाच असतो.

अखेरच्या भागात डेट्रॉइट उडायच्या बेतात असताना ते वाचवायला दोघे मिळून ऑलस्पार्कचे, म्हणजे यंत्रांना जीव देणाऱ्या शक्तीचे, तुकडे हवेत जुळवत राहतात. थोडा भाग कमी पडतो. प्राऊल तिथे आपला स्वतःचा स्पार्क, म्हणजे प्राणच, घालतो. जॅझ शेजारीच असतो, पण कुणाचं मत विचारायची याला कधी सवयच नव्हती.