२३ मिलिमीटरचं भांडण

एका चाकाच्या सायकलवरून डोंगर चढणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. दुसरं चाक कुठे गेलं, आणि हे सगळं कशासाठी? पहिला प्रश्न आमच्या आईने साताऱ्याहून फोनवर विचारला. दुसरा घरातच विचारला जातो, साधारण रविवारी सकाळी, चहाचा कप जरा जोरात ठेवून. खरा महत्त्वाचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. तो म्हणजे, क्रँक किती लांबीची?

क्रँक म्हणजे पायडल ज्या आसाभोवती फिरतं त्याच्याशी त्याला जोडणारी दांडी. साध्या सायकलवर ती १७० मिलिमीटरच्या आसपास असते, आणि आपण जन्मभर सायकल चालवून तिच्या लांबीची साधी चौकशीही करत नाही. करायचं कारणही नसतं, कारण चढ आला की गिअर पाडला, उतार आला की पाय थांबवून वारा खाल्ला. एकचाकीला ना चेन, ना गिअर, ना फ्रीव्हील. क्रँक थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मध्यावर बसलेली. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, चढावरही आणि उतारावरही. फ्लोरियन श्लुम्फ या स्विस गृहस्थांनी गिअरचा हब केला आहे, चालता चालता टाचेने बटण दाबून बदलायचा. पण तो चाक दीडपट पळवतो, चढ हलका करत नाही. म्हणजे आमच्या डोंगरात त्याचा उपयोग वजन वाढवण्यापुरता. हलकं-जड काय ते क्रँक निवडताना ठरवायचं आणि मग भोगायचं.

आम्ही व्हँकुव्हरजवळ राहतो. इथल्या नॉर्थ शोअरच्या डोंगरांत मुळं, ओले दगड आणि शेवाळलेले लाकडी पूल भरपूर. क्रिस होम हा एकचाकीतला मोठा माणूस याच भागातला. पेशाने भूवैज्ञानिक, म्हणजे दरडी का कोसळतात हे जाणून घेऊन पुन्हा त्यांवरून उतरणारा. त्याच्याही आधी अलास्कातल्या सिवर्डचे जॉर्ज पेक असल्याच वाटांवर एकटे चाक फिरवत होते. आम्ही त्या परंपरेतले नव्हे. आम्ही म्हणजे मी आणि माझा मेव्हणा. माउंट फ्रॉमचा खडीचा रस्ता वळणावळणाने चढायचा, आणि प्रत्येक वळणावर थांबून भांडायचं.

भांडण २३ मिलिमीटरचं. आमच्या दोघांच्या क्रँकना पायडलसाठी दोन-दोन भोकं आहेत, एक १५० वर, एक १२७ वर. मी लांबवाला, तो आखूडवाला. फरक बोटाच्या एका पेराएवढा, पण यावरून आमच्यात जेवढी वादावादी झाली तेवढी सासऱ्यांच्या फ्लॅटवरूनही झाली नाही.

मेव्हणा इंजिनिअर असल्यामुळे त्याने हिशेब मांडला. "दाजी, हे बघा. चाक २९ इंची, टायर धरून त्रिज्या ३७ सेंटिमीटर. तुम्ही आणि चाक मिळून ८० किलो. १० टक्के चढाला गुरुत्वाकर्षण तुम्हाला ८ किलोने मागे ओढतं. १५० च्या क्रँकवर पायडलवर सरासरी २० किलो जोर लागेल, १२७ वर २३." मी म्हटलं, म्हणजे माझंच बरोबर. तर म्हणे, "थांबा. १० किलोमीटरला चाकाचे ४३०० फेरे होतात. तेवढ्यात तुमचा पाय गोल गोल चार किलोमीटर फिरतो, माझा साडेतीनला थोडा कमी. सहाशे मीटर मी वाचवतो."

हे आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "त्यात एवढं काय? जात्याचा खुंटा मध्याजवळ ठोकला तर दळताना जीव जातो, कडेला ठोकला तर हात गावभर फिरून येतो. दळण तेवढंच." एका दमात विषय संपला. पण आम्ही दोघे शिकलेले, त्यामुळे आम्ही तो पुढे चालू ठेवला.

कारण गोम सरासरीत आहे. क्रँक आडवी असते तेव्हा पायाला सगळा जोर लावता येतो, वर-खाली उभी असते तेव्हा जवळजवळ काहीच नाही. म्हणून आडव्या क्षणी सरासरीच्या दीडपटीहून जास्त रेटावं लागतं. २० टक्के चढावर हा आकडा १५० ला साठ-बासष्ट किलो होतो आणि १२७ ला ७३. मेव्हण्याचं वजन ७०. म्हणजे तो अख्खा पायडलवर उभा राहिला तरी चाक हलणार नाही. मग एका हाताने सीटखालची मूठ वर ओढायची, म्हणजे पाय आणखी खाली दाबला जातो. तो चढताना मागून पाहिलं तर माणूस स्वतःलाच उचलून नेतोय असं वाटतं. चेहरा वांग्याच्या रंगाचा. "मांड्या गेल्या," म्हणतो, "पण दम शिल्लक आहे."

माझं उलट. लांब क्रँकवर चढ निघतो, मध्येच चाक अडकलं तरी तोल सावरायला तरफ मिळते, पण मांडी पोटाला लागेल एवढा गुडघा वर येतो, प्रत्येक दाबाला चाक डावी-उजवीकडे मान हलवतं आणि बूड सीटवर घासत राहतं. मांड्या शाबूत, बाकीचं बसण्याच्या लायकीचं राहत नाही. शिवाय लांब क्रँकचं पायडल दगडाला आधी लागतं.

क्रँकने थकवा कमी होतो असं मला आता वाटत नाही. तो कुठे साठवायचा एवढंच ठरतं.

मेव्हण्याने मग शास्त्र काढलं. २००१ साली मार्टिन आणि स्पिर्डुसो या दोघांनी १२० ते २२० मिलिमीटरच्या क्रँकवर सायकलपटूंना जीव खाऊन पळवलं, तेव्हा जास्तीत जास्त शक्तीत फरक निघाला चारेक टक्क्यांचा. "आणि सायकल शर्यतींतला पोगाचारसुद्धा १६५ वर आलाय!" पोगाचारकडे गिअर आहेत, फ्रीव्हील आहे आणि गाडीतून पाणी देणारी माणसं आहेत, हे मी निदर्शनास आणून दिलं. शिवाय त्याच्याकडे दुसरं चाकही आहे.

तात्त्विकदृष्ट्या उपाय सोपा: चढताना १५०, माथ्यावर पायडल काढून १२७ च्या भोकात. प्रत्यक्षात नोव्हेंबरचा पाऊस, बोटं बधिर, आणि डाव्या पायडलचे आटे उलटे. सवयीने पाना फिरवला की ते आणखी आवळतं. जोर लावावा तर पाना सटकतो आणि पायडलवरच्या टोकदार खिळ्यांची रांग नडगीवर उमटते. माझ्या डाव्या नडगीवर अशा रांगा आहेत. डॉक्टरांनी कुत्रं कुठलं होतं विचारलं.

आणि उतार! उतारावर विसावा मिळेल ही दुचाकीवाल्यांची समजूत. इथे पाय थांबला की माणूस पुढे जातो आणि चाक मागे राहतं. सीटखालचा ब्रेक एका हाताने दाबायचा, दुसरा हात हवेत, आणि पाय फिरतच. आखूड क्रँकवर ते गुळगुळीत फिरतात, लांबवर आवरायला सोपे जातात. खाली पोहोचेपर्यंत दोघांच्याही मांड्या सारख्याच थरथरतात, आणि मग पार्किंगमध्ये दोघेही आपलंच कसं बरोबर होतं ते सांगतो.

शेवटी बायको वैतागली. "दोघं मिळून मधली घ्या आणि गप्प बसा," म्हणाली. मेव्हण्याने १३७ ची एका भोकाची जोडी मागवून माझ्या चाकाला बसवली. त्याला ती लांब वाटते, मला आखूड. ती काढायला क्रँक पुलर लागतो. तो त्याचा आहे, पण सध्या माझ्या कपाटात आहे, आणि मागायला मेव्हणा अजून आलेला नाही.