अपराजित संघाची कैफियत

महाराष्ट्र प्रीमिअर लीगच्या 2025 च्या मोसमात छत्रपती संभाजी किंग्ज हा आमच्या शहराचा संघ एकदाही पराभूत झाला नाही, ही वस्तुस्थिती पुण्या-मुंबईच्या क्रीडासमीक्षकांनी हेतुपुरस्सर दडपून ठेवली, असा माझा जाहीर आरोप आहे. त्या मोसमात आमचा संघ मुळात उतरलाच नव्हता; सहा पाटांच्या पंगतीत पुणे, कोल्हापूर, नाशिक आणि रत्नागिरी यांच्या शेजारी रायगड आणि सातारा जेवायला बसले आणि आमचे पान कोणी मांडलेच नाही, हा तपशील मी नाकारीत नाही; परंतु तपशिलाच्या आहारी गेलेल्या माणसाकडून निष्ठेची अपेक्षा करू नये.

2023 मध्ये सहा संघांचा तीन वर्षांचा मक्ता लिलावात पुकारला गेला आणि 57 कोटी 80 लाखांची बोली झाली, त्यांतले 14 कोटी 80 लाख एकट्या पुण्याचे, हे वाचले तेव्हा सालारजंगाने मोडीत काढलेली इजाऱ्याची पद्धत पुनश्च अमलात आली, एवढाच मी त्याचा अर्थ लावला. फरक इतकाच, की जुना इजारदार वसुलीच्या निमित्ताने का होईना, गावात पाय ठेवीत असे. आमच्या संघाचे त्या वर्षीचे सगळे सामने गहुंजेला, म्हणजे क्रांती चौकापासून सुमारे अडीचशे किलोमीटरांवर झाले. त्याने आमच्या गावचे पाणी चाखले नाही, अशी तक्रार काही कोत्या मनाचे लोक करतात. पण ते पाणी आम्हाला तरी रोज कुठे चाखायला मिळते? न पाहिलेल्या संघावर प्रेम करणे ही निर्गुणोपासना होय, आणि नाथांच्या पैठणपासून तासाभराच्या वाटेवर राहणाऱ्याला ती जड जाऊ नये.

पैठणचा विषय निघाला म्हणून सांगतो. अंकित बावणे हा पैठणचा सुपुत्र कोल्हापूर टस्कर्सकडून खेळला. पैठणचे पाणी आम्हाला आणि पैठणचा फलंदाज कोल्हापूरला, ही वाटणी ज्या दप्तरात झाली तिथल्या कारकुनाचे नाव मला अद्याप कळलेले नाही. आमच्या वाट्याला तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर आला आणि मी भरून पावलो, कारण त्याच वर्षी 31 मार्चला अहमदाबादेत चेन्नई सुपर किंग्जकडून पदार्पण करताना त्याने गुजरातचे तीन गडी टिपले होते. चेन्नईच्या आणि आमच्या संघाची इंग्रजी आद्याक्षरे एकच असल्यामुळे धोनी हाही आमचाच माणूस, अशी नोंद मी तत्काळ करून टाकली.

प्रतिस्पर्ध्यांविषयी मी निःपक्षपातीपणे लिहिणार आहे. पुण्याजवळ मैदान आहे, महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे मुख्यालय आहे आणि त्याउपर बाप्पाही त्यांनी संघाच्या नावात घालून ठेवला आहे. ज्याच्याकडे वकील, न्यायालय आणि दैवत तिन्ही आहेत त्याच्याशी दावा लढवण्यात हशील नाही. 2023 चा अंतिम सामना रत्नागिरी आणि कोल्हापूर यांच्यात रंगला, पावसाने तो धुऊन नेला, आणि गुणतक्त्यात अग्रभागी असलेल्या रत्नागिरीला विजेते ठरवण्यात आले. आमच्याकडे पाऊस जे उभे पीक नेतो, ते तो कोकणात चषक करून देतो. दांडेकर समितीने 1984 मध्ये मराठवाड्याचा अनुशेष मोजला त्यात रस्ते होते, सिंचन होते. पावसाच्या पक्षपाताचा रकाना तेवढा राहून गेला.

2025 चा चषक नाशिकने जिंकला त्या रात्री मेहुण्याचा फोन आला, "दाजी, चषक आला बरं का आमच्याकडे!" मी संयम न सोडता म्हणालो, "येणारच. वरच्या अंगाला जे येतं ते तुम्ही लोक खाली सोडता कधी?" गंगापूर-दारणेचे पाणी जायकवाडीला सोडायचे म्हटले की नाशिककर न्यायालयाच्या पायऱ्या चढतात, हे त्याला ठाऊक असल्यामुळे संभाषण तिथेच आटोपले. पाण्याच्या समन्यायी वाटपाच्या 2005 च्या कायद्यात चषकाचाही अंतर्भाव व्हावा, अशा आशयाचा अर्ज मी त्याच रात्री लिहून ठेवला आहे. स्टॅम्प तेवढा लावायचा आहे.

संघ नाहीसा होणे ही आपत्ती केवळ आमच्यावरच कोसळली, असे नव्हे. ब्रुकलिनचा डॉजर्स हा बेसबॉलचा संघ 1957 चा मोसम आटोपताच लॉस एंजेलिसला निघून गेला आणि ब्रुकलिनची माणसे पुढे वर्षानुवर्षे हळहळत राहिली. मला त्यांचा हळवेपणा समजतो, पण पटत नाही. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास दिल्लीची सबंध फ्रँचायझी उचलून आमच्या वेशीपाशी देवगिरीला आणली, तिचे दौलताबाद असे नामकरण केले, आणि काही वर्षांतच ती माघारी नेली. त्या भाकड काळाला आता सात शतके होत आली. त्यापुढे लीगच्या दोन-तीन मोसमांची काय मातब्बरी!

सामने नसल्यामुळे माझे काम उलट वाढले आहे. सराफाने दिलेल्या 2023 च्या कॅलेंडरमधल्या जूनच्या पाठकोऱ्या पानावर मी आगामी संघ शिसपेन्सिलीने मांडला असून, यष्टिरक्षकाच्या जागी खोडरबर इतक्या वेळा फिरले आहे की तिथे पडलेल्या भोकातून पलीकडची 29 तारखेची आषाढी एकादशी दिसते. परवा आमखास मैदानावर विटांच्या यष्टी रचून टेनिसच्या चेंडूने गोलंदाजी करणारा एक डावखुरा पोरगा दृष्टीस पडला. त्याची संघात निवड झाल्याचे मी त्याला तिथल्या तिथे कळवले.

"कोणत्या संघात, काका?"

मी संघाचे नाव सांगितले.

"तो आहे का अजून?" असे विचारून, उत्तरासाठी न थांबता, तो चपलेने आखलेल्या आपल्या खुणेकडे चालू लागला. नाव विचारायचे राहिले. दहाव्या क्रमांकावर तूर्त 'आमखासचा डावखुरा' एवढीच नोंद आहे.