राइट टाउनमध्ये शिवी कशी द्यावी

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या मराठी माणसाने शिवी हासडण्यापूर्वी शब्दाच्या शोधात वेळ घालवू नये. आधी भाषा ठरवावी. जबलपूरला विनोबांनी ‘संस्कारधानी’ म्हटलं असं इथे जो तो सांगतो, तेव्हा एवढा विवेक हवाच. घरातला साठा आजीकडून आलेला असतो: मेल्या, मुडद्या, जळ्ळं मेलं लक्षण. यात समोरचा मरतो, पण त्याच्या आईबहिणीच्या केसालाही धक्का लागत नाही. रस्त्यावरच्या हिंदीत तो स्वतः सुखरूप राहतो आणि अब्रू जाते ती नातेवाइकांची. ‘साला’ हा त्यातला सर्वांत सोवळा नमुना. ही वाटणी मोडू नये. दूध सांडणाऱ्या नातवाला रस्त्यावरची हिंदी ऐकवली तर घरात दोन दिवस अबोला, आणि रविशंकर शुक्ल स्टेडियमसमोर कट मारून गेलेल्या ऑटोवाल्याला ‘मेल्या’ म्हटलं, तर आपल्याला हाक मारली असं समजून तो ऑटो थांबवतो आणि कुठे जायचं ते विचारतो.

यावर जाणती मंडळी म्हणतात, की पोरांना हिंदीतच राग येतो ही मराठी बुडाल्याची खूण. तसं नाही. 1956 पर्यंत जबलपूर ज्या प्रांतात होतं त्याची राजधानी नागपूर होती. भोसल्यांच्या अमलात आणि पुढे नोकरी-वकिलीपायी मराठी कुटुंबं इथे आली. येताना त्यांनी देवघर आणलं, लोणच्याच्या बरण्या आणल्या. गल्ली काही आणता आली नाही. शिवी वयात येते पानाच्या ठेल्यावर, आणि इथला ठेला पहिल्यापासून हिंदी. म्हणून आरती मराठीत, भांडण हिंदीत. धोका आहे तो नुकत्याच आलेल्या पुणेरी जावयाला. ज्याँ-मार्क देवाल या भाषाशास्त्रज्ञाने हजाराहून अधिक बहुभाषकांची उत्तरं तपासून 2004 मध्ये दाखवलं, की शिवीचा जोर बहुधा पहिल्या भाषेत सर्वाधिक जाणवतो. जावयाला हिंदी शिवी हलकी वाटते, कारण ती त्याची नाही. ऐकणाऱ्याची मात्र ती मातृभाषा असते. उसनी शिवी म्हणूनच तोलून मापून काढावी, आणि वजन कळत नसेल तर काढूच नये. त्यापेक्षा जावयाने रस्त्यावरही आजीच्या साठ्यातलीच द्यावी.

मग कळणारच नाही अशी मराठी शिवी द्यायची कशाला, असा आक्षेप येतो. राग ओकून टाकायला समोरच्याला ती कळायची गरज नसते. शिवाय पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं कलम 294, म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 296, सार्वजनिक जागी अश्लील शब्दांनी इतरांना त्रास झाला तर लागतं. मध्य प्रदेशात हाणामारीच्या एफआयआरमध्ये 294, 323 (मारहाण), 506 (धमकी) ही तिकडी वर्षानुवर्षं ठरलेली होती. ‘मेल्या’ तिच्यात बसत नाही. शब्द कळला नाही तरी सूर कळतो, हा दुसरा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. त्यावर स्थानिक उतारा आहे: शेवटी ‘बड्डे’ जोडावं. या जबलपुरी थोरल्या भावाने पुष्कळ भांडणं चहावर आणलेली आहेत. ठाणेदाराला मात्र बड्डे म्हणू नये. आणि आजीच्या साठ्याबाहेरची अस्सल मराठी शिवी चौकात दिलीत, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भाषेची सवलत त्या कलमात नाही.