हालस्टाटचे पाहुणे

ऑस्ट्रियातल्या हालस्टाट गावाची वस्ती जेमतेम साडेसातशे. हंगामात एकेका दिवशी दहा हजारांपर्यंत पर्यटक येतात, म्हणजे घरटी नव्हे, माणशी डझनभर पाहुणे. यजमानांनी चहाचं आधण ठेवायचं तरी किती?

चहा कुणाला हवाय म्हणा! डोंगर, तळं, रंगीत घरं आणि चर्चचा सुळका एका चौकटीत बसला की काम झालं. मे 2023 मध्ये नेमकं हेच दृश्य अडवायला तिथे लाकडी कुंपण उभारलं गेलं. समाजमाध्यमांवर ओरड झाली आणि काही दिवसांतच ते उतरवावं लागलं. तळ्याच्या फोटोवर साऱ्या जगाचा हक्क. दारापुढच्या शांततेवर मात्र घरमालकाचाही नाही.

2012 मध्ये चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात चर्चसकट या गावाची नक्कल बांधली गेली. त्यानंतर मूळ गावातले चिनी पर्यटक वाढलेच.

इथली मिठाची खाण सुमारे सात हजार वर्षं जुनी, पण ती सेल्फीत मावत नाही. दफनभूमीला जागाही पूर्वीपासूनच अपुरी; म्हणून जुन्या कबरी उकरून, कवट्यांवर फुलंपानं रंगवून त्या अस्थिगृहात रचायची रीत पडली. अशा सहाशेवर कवट्या तिथे आहेत. मेलेले गावकरी पुढच्यासाठी निमूटपणे जागा करून देत. पर्यटकांच्या बसगाड्यांसाठी मात्र वेळ आरक्षित करायचा नियम काढावा लागला.