फ्लेक्स वेळेवर, पैसे सवडीने

दापोडीतला एखादा पोरगा पदवीला विद्यापीठात पहिला आला, की संध्याकाळपर्यंत मुंबई-पुणे रस्त्यावर फ्लेक्स लागतो. वर साहेब, मध्ये दादा, खाली शुभेच्छुकांची रांग आणि जागा उरलीच तर कोपऱ्यात पोरगा. परदेशातून प्रवेशाचं पत्र आलेलं असेल तर 'उच्च शिक्षणासाठी लंडनला रवाना' हेही छापून मोकळे. फ्लेक्सवाला उत्पन्नाचा दाखला मागत नाही, त्याचा सर्व्हर डाऊन नसतो आणि त्रुटीची पूर्तता करायलाही तो सांगत नाही. गुणवंताच्या वाट्याला वेळेवर येणारी तेवढीच एक गोष्ट.

बाकी सगळं सवडीने. सुवर्णपदक पदवीदान समारंभात मिळणार आणि समारंभ पाहुण्यांना तारीख जमेल तेव्हा होणार. पदक गळ्यात पडेपर्यंत ते ज्या अर्जाला जोडायचं, त्या अर्जाची मुदत कधीच टळलेली असते.

पैशांचं पंचांग तर आणखी निराळं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. योजना चांगलीच आहे, तिच्यामुळे कित्येक घरांतला पहिला माणूस विमानात बसला. पण परदेशी विद्यापीठं पुढच्या वर्षाचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत घेतात. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी तर आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला होकार-नकार कळवायला १५ एप्रिल ही तारीख आपसांत ठरवून टाकली आहे. आपली २०२४ची जाहिरात निघाली जूनमध्ये. पाऊस आणि शिष्यवृत्ती एकदमच यावी, असा काही शास्त्रार्थ असावा.

मग सुरू होतो खेळ. शासन म्हणतं, आधी विनाअट प्रवेशपत्र आण. विद्यापीठ म्हणतं, आधी अनामत भर. व्हिसाचे कागद म्हणतात, पहिल्या वर्षाचे पैसे दाखव. बँक म्हणते, तारण दाखव. तारण म्हणजे गुंठेवारीतल्या दोन खोल्या. बँकेचे साहेब उतारा बघतात, चहा पाजतात आणि 'बघू' म्हणतात. शिष्यवृत्ती त्यालाच मिळवता येते, ज्याला शिष्यवृत्तीवाचून चार महिने काढता येतात. गरिबांसाठीच्या योजनेत ही छोटीशी श्रीमंतीची अट छापलेली नसते, एवढंच.

छापील अटींतही कल्पकता आहेच. शासनाला ७५ हा आकडा फार प्रिय. जागा ७५, म्हणून २०२४च्या जाहिरातीत गुणही ७५ टक्के मागितले. तेही दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे. बोंब उठल्यावर अट मागे घेतली. नाहीतर परदेशातल्या विद्यापीठाने ज्याला घेतलं, तो हुशार आहे का, हे आपण दहावीच्या गुणपत्रिकेवरून ताडून पाहणार होतो. नव्या चार वर्षांच्या पदवीतही 'ऑनर्स विथ रिसर्च' करायला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्केच लागतात. आकडा बहुधा शुभ असावा.

दिल्लीचं पाऊल याच्याही पुढे. १९५४-५५पासून चालत आलेल्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी २०२५ मध्ये १०६ जण निवडले आणि जुलैच्या सुरुवातीला पत्रं दिली ४० जणांना. उरलेल्या ६६ जणांना सांगितलं, निधी उपलब्ध झाला तर. नंतर गवगवा झाला आणि सूत्रं हलली. तोवर विद्यापीठाला काय कळवायचं? 'आमची निवड झाली आहे, पण ती निधीअभावी लागू नाही'?

आता हे बघा. १९१३च्या जूनच्या सुरुवातीला भीमराव आंबेडकरांनी बडोद्यात करारावर सही केली. सयाजीरावांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड. जुलै उलटायच्या आत ते न्यूयॉर्कला पोहोचले होते. तेव्हा पोर्टल नव्हतं, ओटीपी नव्हता, प्रवास आगबोटीचा. पुढे १९१७ मध्ये मुदत संपली म्हणून त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं आणि परत जायला १९२० उजाडलं. तारखेपायी केवढ्या माणसाची तीन वर्षं गेली, हे त्यांच्या जयंतीचे फ्लेक्स लावणाऱ्या कोणत्याही खात्याला ठाऊक असायला हवं.

आमची एक नम्र सूचना आहे. ही योजना दापोडीच्या एसटी कार्यशाळेकडे सोपवा. 'ब्रेक निधीच्या उपलब्धतेनुसार बसवू' असं तिथल्या मेकॅनिकला म्हणता येत नाही. गाडी सोडायची तर ब्रेक आधी बसवावे लागतात, हे त्याला समितीवाचून कळतं.

आमचा फ्लेक्सवरचा पोरगा ऑक्टोबरात दापोडी स्टेशनवर लोणावळा लोकलची वाट पाहत उभा असतो. शेजारच्या काकू विचारतात, "काय रे, सुट्टीवर आलास?" तो म्हणतो, "नाही काकू, प्रवेश पुढच्या वर्षावर ढकललाय." काकूंना वाटतं, नापास झाला.

तेव्हा मंत्रालयातल्या संबंधितांनो, जाहिरात डिसेंबरात काढा, यादी १५ एप्रिलच्या आत लावा आणि यादीसोबतच विद्यापीठाला दाखवता येईल असं हमीपत्र पोराच्या हातात द्या. फ्लेक्सचं आम्ही बघून घेऊ.