सीनियर

पुण्यात परदेशी विद्यार्थी जिथे म्हणून राहतात, तिथे त्यांचा एक सीनियर असतोच. कुठे तो सुदानचा असतो, कुठे येमेनचा, कुठे अफगाणिस्तानचा. आमच्या कोंढव्यातला टांझानियातल्या दार-एस-सलामचा आहे. तो बी.कॉम. करतो. किती वर्षं, ते विचारायचं नसतं. त्याच्या घरमालकीण काकूंनी एकदा विचारलं होतं. "दोनच विषय राहिलेत काकू," असं त्याने इतक्या समाधानाने सांगितलं, की काकूंनी अभिनंदन केलं. पुढच्या वर्षीही दोनच राहिले होते.

जुलै उजाडला की सीनियरचा सीझन सुरू होतो. भर पावसात, एक चाक गेलेली बॅग ओढत नवं पोरगं येतं. सीनियर ये, बस, असलं काही म्हणत नाही. काखेतली खाकी फाइल सावरत विचारतो, "फोटो किती आणलेस?"

"चार."

सीनियर डोळे मिटून घेतो. चार फोटोंत इथे लायब्ररीचं कार्डसुद्धा होत नाही.

मग तो चक्र समजावून सांगतो. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करायची. तिला मुख्यतः दोन गोष्टी लागतात : कॉलेजचं बोनाफाईड आणि पत्त्याचा पुरावा. पत्त्याचा पुरावा म्हणजे भाडेकरार. करार करायचा तर घरमालकाला डिपॉझिट हवं, तेही बँकेतून. आणि बँकेत खातं उघडायला जावं, तर बँक विचारते, पत्त्याचा पुरावा?

"मग सुरुवात कुठून करायची?" पोरगं रडकुंडीला येतं.

"झेरॉक्सपासून," सीनियर म्हणतो.

आता ही नोंदणी ऑनलाइन झाली आहे, म्हणजे झेरॉक्स काढून ती स्कॅनही करावी लागते. परदेशी भाडेकरू राहायला आला की २४ तासांत घरमालकाने त्याच्या माहितीचा फॉर्म भरायचा असतो. काकूंचा फॉर्म काकूंच्या मोबाइलवर सीनियरच भरतो. काकू चष्मा लावून फक्त ओटीपी वाचून दाखवतात आणि त्याचं बोट चुकीच्या जागी पडतंय का, यावर लक्ष ठेवतात. हे नियमात कितपत बसतं कोण जाणे, पण काकूंचा फॉर्म आजवर कधी उशिरा गेलेला नाही.

कागदपत्रं मार्गी लागली की बस. पीएमपीच्या बसवरचे आकडे मराठीत असतात. इंग्रजी आकड्यांना सरावलेल्या डोळ्यांना आपला १ चक्क नऊ दिसतो आणि ४ आठासारखा. एक्केचाळीस नंबरची बस समोरून निघून जाते आणि नवं पोरगं बिचारं एकोणनव्वदची वाट बघत भिजतं. सीनियर नव्या पोरांना स्टॉपवर ओळीने उभं करून बाराखडी घोकून घ्यावी तसे आकडे घोकून घेतो. त्या रांगेत एकदा आमच्या इंग्लिश मीडियमच्या दोन मुलांनीही हजेरी लावली. त्यांनाही ते नवंच होतं.

पोटाचा प्रश्न त्याहून बिकट. चपाती या टांझानियाच्या पोरांना नवी नाही, तिकडे ती घरोघरी होते आणि तिला म्हणतातही चपातीच. पण जीव अडकलेला असतो उगालीत. मक्याच्या पांढऱ्या पिठाचा हा घट्ट गोळा, हाताने तोडून कालवणाला लावून खायचा. नवं पोरगं वाण्याकडे जाऊन पांढरं पीठ मागतं आणि वाणी निर्विकारपणे कॉर्नफ्लोअरची पिशवी पुढे करतो. उकळत्या पाण्यात ते पडलं की पातेल्यात खळ तयार होते. पतंगाच्या दिवसांत उपयोगी पडावी अशी, चिकट. पोरगं मग पळीसकट पातेलं घेऊन सीनियरच्या दारात. सीनियर पळी उचलतो. पातेलंही वर येतं. काही न बोलता तो आपल्या डब्यातलं पिवळं पीठ काढून देतो. "रंग बघू नकोस. डोळे मिट आणि खा."

आजारपणात मात्र त्याची चेष्टा करायची सोय नाही. पावसाळ्यात कुणाला तरी कावीळ होतेच, आणि मग उकळलेलं पाणी नि मऊ भात घेऊन हा दिवसातून दोनदा जिने चढतो. कावीळ झालेल्या एका मॉरिशसच्या विद्यार्थ्याला खिडकीतून जेवण पोचवलं जाताना शां. ब. मुजुमदारांनी पाहिलं, आणि त्यातून १९७१ मध्ये पुण्यात सिंबायोसिस ही संस्था उभी राहिली. हे सीनियरला ठाऊक आहे. आपल्या हातून काय उभं राहतंय, अशी चौकशी त्याने अजून केलेली नाही.

मिरवायचं म्हणाल तर तो आधार कार्ड मिरवतो. वर्षभरात १८२ दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही ते मिळू शकतं. डिग्रीआधी आधार आलं, म्हणून त्याने पेढे वाटले होते.

दिवाळीनंतर त्याचा भाव उतरतो. तोवर पोरं रिक्षावाल्याशी हुज्जत घालायला शिकलेली असतात, मेसच्या भाजीला नावं ठेवू लागतात आणि बोनाफाईड परस्पर आणतात. गॅलरीत एकटा बसलेला सीनियर कधी नव्हे ते कॉस्टिंगचं पुस्तक उघडतो. त्याचा अभ्यास होतो तो या चार महिन्यांत, आणि तोही कुणी नवं दार वाजवत नाही म्हणून.

गेल्या हिवाळ्यात कुणीच वाजवलं नसावं. उन्हाळ्यात निकाल लागला आणि सीनियर पास झाला. दोन्ही विषयांत. काकूंनी ओवाळलं, पोरांनी केक कापला. हा गुणपत्रिका घेऊन तडक कॉलेजच्या ऑफिसात गेला. खिडकीमागच्या काकांनी ती दोनदा वाचली, उलटून पाठीमागूनही बघितली.

"पास झालास? मग जुलैत या पोरांकडे बघायचं कुणी? मी?"

सीनियर गप्प.

"उद्या या" याशिवाय ज्यांच्या तोंडून दुसरं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं, ते काका जेवणाची सुट्टी सोडून उठले. कपाटातून एम.कॉम.चा फॉर्म काढला आणि स्वतःच्या पेनाने भरायला बसले. नाव, देश, पासपोर्ट नंबर, सगळं न विचारता.

फोटो मात्र सहा मागितले.